दाराजवळचा खिळा

शिवणकाम करणाऱ्या ताईची जुनी सवय: सकाळीच दहा सुया ओवून ठेवायच्या. ऐनवेळी दोरा शोधत बसणं तिला मुळीच खपत नसे. म्हणूनच पाठदुखीच्या, अफूच्या जातीच्या गोळ्यांच्या आहारी गेलेला धाकटा भाऊ उपचार घेऊन घरी आला, आणि गोळ्या जास्त होऊन श्वास मंदावला तर टोचायचं औषध दवाखान्यातल्या सिस्टरने हाती दिलं, तेव्हा ताईने तेही आधीच सिरिंजमध्ये भरून इस्त्रीखालच्या खणात ठेवलं.

पाहणीला आलेल्या सिस्टरने कपाळावर हात मारला.

"अहो ताई, ही काय सुई ओवणं आहे? आधी भरून ठेवलेल्या औषधाचा भरवसा नाही. त्यात इस्त्रीची धग."

ती सिरिंज वापरलेल्या सुयांच्या जाड डब्यात गेली. सिस्टरने दिलेल्या नव्या दोन कुप्या, सीलबंद सिरिंजांसकट, खोक्यातच राहिल्या: उन्हापासून दूर, फ्रीजमध्ये नाही, कुलपात तर नाहीच. ताईने दाराजवळ खिळा ठोकून खोकं पिशवीत टांगलं आणि टाचण्यांच्या उशीवर रिकाम्या सिरिंजने रोज सराव केला.

भावाच्या डोळ्यांत ती पिशवी खुपायची. "येणाऱ्याजाणाऱ्याला दिसते. कपाटात ठेव ना."

"दिसू दे. लाज राखायची की तुला, एवढंच ठरवायचं होतं. ठरवलंय मी."

महिन्याने, भरदुपारी, तो हाकेला ओ देईना. ओठ निळे, श्वास तुटक, उशाशी गोळ्यांची रिकामी पट्टी. ताईला रडू फुटलं, पण हात थांबले नाहीत. ॲम्ब्युलन्सला फोन, त्याच्या तोंडात फुंकून श्वास, मग पिशवी. कुपीतलं औषध तिने सिरिंजमध्ये ओढलं. पँट तिनेच शिवलेली. खिशाचं दुहेरी कापड कुठे संपतं ते तिला पाठ होतं. त्याच्या खाली, मांडीच्या बाहेरच्या बाजूला, कापडातूनच सुई सरळ आत गेली. पुन्हा श्वास. तीन मिनिटांनी दुसरी कुपी. मग त्याची छाती आपली आपण हलू लागली. औषधाचा असर उतरला की पुन्हा श्वास अडू शकतो, हे सिस्टरने बजावलं होतं. ताई त्याच्याबरोबरच दवाखान्यात गेली.

चार दिवसांनी तो घरी आला. नव्या खोक्यावरची मुदतीची तारीख वाचून त्यानेच ते खिळ्याला अडकवलं आणि मशीनपाशी येऊन बसला.

"ताई, मलाही शिकव."

"तुला कशाला? शुद्ध हरपल्यावर स्वतःला टोचणार आहेस?"

"माझ्यासारखे आणखी तिघे आहेत," तो म्हणाला. "त्यांच्या घरी ताई नाही."

ताईने टाचण्यांची उशी त्याच्यापुढे सरकवली.