वर केलेला हात

रुखमाबाईंनी उघडा तळवा वर केला आणि राजदीपनं खटका खाली ओढला. पट्टा थांबला. कशाला थांबवलं, असं त्यानं विचारलं नाही. नेरच्या त्या कापसाच्या जिनात सरकी काढायचे रेचे सुरू असले की कानाशी ओरडलेलंही ऐकू येत नसे, म्हणून तिथला कायदा एकच. कुणाचाही हात वर दिसला की फिटरनं मशीन बंद करायची, कारण विचारायचं नाही. रुखमाबाईंनी अडकलेला पदर सोडवून घेतला, मान हलवली आणि रेचा पुन्हा सुरू झाला.

हाच कायदा राजदीपनं घरी नेला होता.

यंदा जिनात कापूस यायचाच कमी. निम्मे दिवस रेचे थंड, मग तो, त्याची बायको दीपा आणि कापसाच्या गाठी बांधायच्या प्रेसवरचा विक्की दुपारभर घरी गप्पा मारत बसायचे. तिघंही तिशी ओलांडलेले, शहाणेसुरते. बसता बसता एक ओढ तिघांच्याही ध्यानात आली. लपवाछपवी कुणी केली नाही. उलट इतकं बोलले की विक्की म्हणाला, लग्न जुळवतानाही एवढी बोलणी होत नाहीत. नियम मात्र राजदीपनं घातला. तिघांपैकी कुणीही हात वर केला की सगळ्यांनी थांबायचं, आणि का म्हणून विचारायचं नाही. पहिल्याच दुपारी दीपानं हात वर केला. दोघं तिथल्या तिथं थांबले, राजदीपनं चहा टाकला, तिघं पुन्हा गप्पांना बसले. काही बिघडलं नाही.

बिघडलं ते दुसऱ्या खेपेला. विक्कीच्या मिठीत दीपा हसली आणि ते राजदीपच्या मनाला लागलं. ते हसू फक्त आपलं, असं इतकी वर्षं तो धरून चालला होता. हात वर करायला असा कितीसा वेळ लागतो? पण गडी चादरीची कड मुठीत धरून पडून राहिला. नियम आपणच घालायचा आणि माघारही आपणच घ्यायची? मोठेपणा आड आला, दुसरं काय! त्यानंतर मात्र विक्की समोर आला की तो नजर वळवायचा. काय चुकलं, असं विक्कीनं दोनतीनदा विचारून पाहिलं. राजदीपचं उत्तर ठरलेलं, कुठं काय.

आज सकाळी विक्की राजूरला निघून गेला, कोळशाच्या खाणीत कामाला. जाताना दीपाला भेटला, राजदीपला नाही.

संध्याकाळी भाकरी थापता थापता दीपानं विचारलं,

“त्या दिवशी तुमच्या मनाले लागलं होतं ना?”

त्यानं मान हलवली.

“मंग हात वर काहून नाही केला?”

“तू खुश होती.”

“मी तं तुमच्या हाताकडंच पाहून राह्यली होती. विक्कीही पाहे. हात आला नाही, म्हणून आम्ही समजलो सारं बराबर हाय.” तिनं तव्यावरची भाकरी उलटली. “जाताना इचारत होता, माह्या हातून राजदीपवर जबरदस्ती झाली का म्हणून.”

राजदीपला मेल्याहून मेल्यासारखं झालं. विक्कीनं काहीच वाईट केलं नव्हतं, आणि ते त्याला सांगावं तर आता तो इथं नव्हता.

जेवणं झाल्यावर तो दीपाजवळ येऊन बसला. तिच्या खांद्याकडे त्यानं हात नेला. भिंतीकडे पाहतच दीपानं आपला तळवा वर केला.

त्याचा हात अर्ध्यातच थांबला. काहून, हा शब्द अगदी ओठांवर आला होता. तो त्यानं गिळला, उठला आणि चहाचं आधण ठेवलं.