मागच्या सीटखाली अकरा वर्षं

मित्रांनो, स्वस्थ बसणं मला जन्मात जमलेलं नाही, आणि गेले तीन आठवडे मी एका पत्र्याच्या डब्यात, गंजक्या खिळ्यांच्या शेजारी, स्वस्थ पडून आहे. जीव नुसता वळवळतो. म्हटलं, फिरता येत नाही तर निदान बोलून तरी घ्यावं.

मी एका लाल गाडीतला पेट्रोलचा पंप. तुम्ही रस्त्यात पेट्रोल भरायला थांबता तो नव्हे हं. तो वेगळा, त्याच्यापुढं रांगा लागतात. मी गाडीच्या टाकीच्या आत, पेट्रोलमध्ये बुडून राहणारा, जेमतेम मुठीएवढा. टाकीतलं पेट्रोल ओढायचं आणि नळीतून इंजिनापर्यंत पोहोचवायचं, हे माझं काम. किल्ली फिरवली की गाडी सुरू व्हायच्या आधी दोन सेकंद बारीक गुणगुण ऐकू येते ना, ती माझी. तुम्ही कधी ऐकली नसेल. कुणीच ऐकत नाही.

एका कारखान्यात मला बनवलं. तांब्याची तार गुंडाळली, चुंबक बसवले, वर झाकण दाबलं. तपासणीच्या टेबलावरच्या बाईनं मला दोनदा फिरवून पाहिलं आणि “चांगलाय” म्हणून पुढं सरकवलं. आयुष्यात माझी झालेली ती पहिली स्तुती, आणि जवळजवळ शेवटचीही.

गाडी घेतली भिमाजी नानांनी. नाना एसटीच्या डेपोत पस्तीस वर्षं मिस्त्री होते. निवृत्त झाल्यावर त्यांनी हौसेनं ही गाडी घेतली. नाशकात पेठ रोडला, आरटीओच्या पुढं, त्यांचं घर आणि घरामागं झेंडूचं रान. आमची टाकी मागच्या सीटखाली, त्यामुळं मला दिसायचं काही नाही, पण ऐकू सगळं यायचं, आणि राहिलेलं मला आता या डब्यात पडल्या पडल्या घरच्यांच्या बोलण्यातून कळलं. नवसाबाई, म्हणजे नानांची बायको, मागं बसून रस्ताभर नानांना गाडी कशी चालवायची ते सांगायच्या. त्यांना स्वतःला सायकलसुद्धा येत नव्हती. कधी माझ्या डोक्यावर झेंडूचे क्रेट असायचे, कधी लग्नाला निघालेली पाच माणसं कोंबलेली असायची. मी आपला फिरत राहायचो.

मग घरात सून आली, दीपमाला. ती सरकारी नर्स, नेमणूक पेठच्या पलीकडच्या उपकेंद्रात. नानांनी तिला गाडी शिकवली आणि ती रोज सावळघाट चढून जायला लागली. घाट म्हणजे माझ्या अंगात वारं शिरायचं. इंजिन पेट्रोल मागायचं, मी द्यायचो, ते आणखी मागायचं. असे दिवस परत येणार नाहीत, हे मला माहीत आहे, तरी आठवलं की डब्यात बसवत नाही.

तीन वर्षांपूर्वी नानांनी डिकीत गॅसची टाकी बसवली. तेव्हापासून गाडी पेट्रोलवर सुरू व्हायची आणि मग आपोआप गॅसवर जायची. नाना म्हणाले, मिनिटभराच्या कामाला पेट्रोल भरून कशाला ठेवायचं? तळाशी असलं म्हणजे झालं. आता गंमत बघा. गाडी गॅसवर गेली तरी मी फिरतच असायचो, आणि मला थंड ठेवतं ते भोवतीचं पेट्रोल. पण नानांचा सगळा जन्म डिझेलच्या बसखाली गेलेला. त्यांच्या बसच्या टाकीत माझ्यासारखा कुणी नसायचा, मग त्यांना हे कळणार कुठून? मी कोरडा फिरत राहिलो. अंग भाजून निघायचं. शेवटी मी कण्हायला लागलो.

ते कण्हणं दीपमालानं ऐकलं. पोटातल्या बाळाचे ठोके ऐकणारे कान ते. मागून काहीतरी रडल्यासारखं वाजतंय, असं तिनं नानांना सांगितलं. नानांनी एकदा सीटला कान लावला, मान हलवली आणि दुसऱ्या दिवशी नवा पंप विकत आणलाही. गॅरेजला देणार नाही, मी घरीच बसवीन, म्हणाले. आणि तो नवा पंप खोक्यासकट कपाटावर जाऊन बसला. आधी गणपती होते, मग पितृपक्ष, मग झेंडूची तोडणी. दसऱ्यानंतर बघू, असं नाना रोज म्हणायचे आणि मी रोज घाट चढायचो. मला भयंकर राग यायचा, खोटं कशाला बोलू?

भाद्रपदात एक दिवस मागच्या सीटवर तानुबाई बसली. दीपमालाच्या उपकेंद्राखालच्या एका पाड्यावरची ही बाई, आठवा महिना लागत आलेला. तिला तपासायला नाशकात आणलं होतं. वार खाली, बाळाच्या वाटेतच आहे, कळा सुरू व्हायच्या आत हिला दवाखान्यात आणा, खंडेनवमीला भरती करा, उशीर केला तर दोघांच्या जिवाला धोका आहे, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. पण तानुबाईची जाऊ एकदा बाळंतपणाला सरकारी दवाखान्याच्या पांढऱ्या गाडीतून गेली होती ती परत आली नव्हती. तेव्हापासून पाड्यावर पांढरी गाडी दिसली की तानुबाई रानात निघून जायची. परतीच्या वाटेवर दीपमालानं तिला परोपरीनं समजावलं.  घाट संपल्यावर तानुबाई म्हणाली, “ताय, या लाल गाडीनं तू येशील तं यीन. नाय तं नाय.”

दीपमालानं शब्द दिला. खंडेनवमीला सकाळी नऊ वाजता, फाट्यावर. पाड्यावर फोनला रेंज नाही, त्यामुळं ठरलेलं बदलायची सोयच नव्हती. मला तेव्हाच धडकी भरली, कारण माझी अवस्था माझी मलाच ठाऊक होती.

आणि तेच झालं. खंडेनवमीला सकाळी सात वाजता दीपमालानं किल्ली फिरवली आणि मी हललोच नाही. मित्रांनो, मी जीव तोडून जोर केला. नाना खाली वाकले आणि त्यांनी चपलेनं टाकीच्या बुडाला दोन-चार रट्टे दिले. त्या धक्क्यानं मी चार सेकंद फिरलो, इंजिन खोकलं आणि पुन्हा सगळं थांबलं. ते माझं शेवटचं फिरणं.

शेजारच्या दोन्ही गाड्या गडावर देवीला गेलेल्या. दीपमालाचा नवरा राज कंपनीत पहिल्या पाळीला. गॅरेज एकही उघडं नाही, कारण त्या दिवशी हत्यारांची पूजा असते आणि पूजेतल्या हत्याराकडून काम घेत नाहीत. नानांचे पानेसुद्धा शेडमध्ये पाटावर मांडलेले होते, हळदकुंकू लावून, वर झेंडू वाहून. एवढ्या वर्षांत खंडेनवमीला त्यांनी पान्याला हात लावला नव्हता. दीपमाला म्हणाली, मी बसनं जाते, पण तिला परत कशात आणू? नाना ओट्यावर बसून राहिले. चूक आपली आहे हे त्यांना कळत होतं आणि नियम मोडवत नव्हता. बाहेर त्यांची चुळबुळ, आत माझी तडफड.

तेव्हा नवसाबाई पाटाशी गेल्या. त्यांनी कुंकवानं माखलेला पाना उचलला आणि नानांच्या हातात ठेवला. त्या म्हणाल्या, “अहो, देवीनं काय नवव्या दिवशी हत्यार खुंटीला टांगलं होतं का? उठा. बाईचा जीव अडलाय तिकडं.”

नाना उठले. शेडला लागूनच घट बसवलेला, तिथं नऊ दिवसांचा नंदादीप तेवत होता. तो विझवायचा नाही आणि त्याच्याजवळ पेट्रोल उघडायचं नाही, म्हणून तिघांनी गाडी ढकलत झेंडूच्या बांधापर्यंत नेली. नानांनी बॅटरीची तार काढली. मागची सीट उचलली. खालच्या झाकणावर अकरा वर्षांची धूळ होती, ती दीपमालानं ओल्या फडक्यानं पुसून घेतली, टाकीत पडू नये म्हणून. मला धरून ठेवणारी मोठी कडी काही केल्या फिरेना. लोखंडानं ठोकलं तर ठिणगी उडेल, म्हणून नानांनी लाकडाची पाचर लावून हळूहळू ठोकली. कडी सुटली. झाकण उचललं आणि माझ्यावर ऊन पडलं. अकरा वर्षांत पहिल्यांदा! माझं तर भानच हरपलं.

पण बाहेर येणं सोपं नव्हतं. माझ्या अंगाला एक लांब दांडी असते, टाकीत पेट्रोल किती आहे ते सांगणारी. ती आत अडकली. नाना घाईनं ओढायला लागले.

“नाना, ओढू नका,” दीपमाला म्हणाली. “आधी फिरवायचं असतं.”

तिनं हात आत घातला, दांडी बोटांनी चाचपली, मला जरासं कलतं केलं आणि अलगद वळवून बाहेर घेतलं. अडलेली बाळं ती अशीच काढत असणार. मला घमेल्यात ठेवून तिनं नव्या पंपाला त्याच वाटेनं आत सोडलं.

नानांनी नवं रबर बसवलं, कडी आवळली, नळ्या जोडल्या, बॅटरीची तार लावली. दीपमालानं किल्ली फिरवली. काही नाही! पुन्हा फिरवली. पुन्हा काही नाही. मला घमेल्यातून दिसत होतं, विजेची जोडणी पुरती दाबलीच नव्हती, एक कड वर राहिली होती. सांगू कसं? मी तडफडलो, मित्रांनो. तेवढ्यात नानांचीच नजर गेली. त्यांनी अंगठ्यानं दाबली, टक्‌ वाजलं, आणि दोन सेकंदांची ती गुणगुण आली, तरुण, खणखणीत. मला हेवा वाटला आणि बरंही वाटलं. पहिलं पेट्रोल भर, मगच घाट चढ, असं नानांनी तिला तीनदा सांगितलं. तेव्हा साडेनऊ वाजून गेले होते.

पुढचं मी या डब्यातून ऐकलेलं. संध्याकाळी दीपमालानं ओट्यावर बसून सांगितलं, की फाटा मोकळा होता. कुणी नाही. तिनं गाडी तशीच पाड्याच्या कच्च्या वाटेला घातली. निम्म्या वाटेवर तानुबाई दिसली, डोक्यावर गाठोडं घेऊन घराकडं परत चाललेली. हॉर्न ऐकून तिनं मागं वळून बघितलं. त्याच रात्री दवाखान्यात तिला रक्तस्राव सुरू झाला. डॉक्टर जवळ होते म्हणून आई वाचली आणि मुलगीही वाचली.

बारा दिवसांनी, तानुबाईला घरी सोडायला जाताना, लाल गाडी इथं थांबली. नवसाबाईंनी बाळाला अंगडं-टोपडं दिलं. नाना बराच वेळ लांब उभे होते. मग पुढं आले आणि हात जोडून म्हणाले, “बाई, त्या दिवशी उशीर माझ्यामुळं झाला. नवा पंप महिनाभर कपाटावर पडून होता. मी आळस केला.”

तानुबाईला पंप कळला नसावा. तिच्या बोलण्यात रागही नव्हता. ती म्हणाली, “मला वाटलं, ताय इसरली. मोठ्या माणसांना कामं लय.”

नानांनी तिचं गाठोडं उचललं आणि गाडीत नेऊन ठेवलं. 

मित्रांनो, माझं काय, मी भंगारात जाणार. पण माझ्यासारख्यांची टाकी कधी कोरडी पाडू नका, आणि घरात काही कण्हताना ऐकू आलं तर त्याच दिवशी उठून बघा. आपण कपाटावर ठेवलेल्या कामाची वाट कुठं कोण बघत बसलंय, हे आपल्याला कळत नाही. ते माणूस भांडायलाही येत नाही. आपल्याला विसरले असं समजून ते गाठोडं उचलतं आणि मुकाट्यानं घरी चालू लागतं.