मात्रोनाने भरलेली रायफल

कोडियाक बेटावरच्या नेमबाजीच्या मैदानात मात्रोना अस्वस्थपणे येरझारा घालीत होती. उद्या तिचा मुलगा नेस्टर तपकिरी अस्वलाच्या शिकारीला निघणार होता आणि त्याला सर्वांत दांडगी, खांद्याला जबर धक्का देणारी मॅग्नम रायफलच हवी होती.

“लहान रायफल पाहून अस्वल हसेल, आई.”

“हसू दे. आण, मी भरून देते.”

तिने पाठ फिरवून गोळी न घालताच बोल्ट बंद केला. नेस्टरने नेम धरून चाप ओढला. नुसता ‘टक्’ आवाज झाला. तरी त्याचे डोळे मिटले होते, नळी खाली झुकली होती.

“धक्क्याआधीच दचकतोस. अस्वल जखमी होऊन तुझ्यावरच उलटेल.”

नेस्टर ओशाळला. “मग बाबांची लहान रायफल नेऊ?”

“आण. तीही मीच भरणार.”