अर्ध्यावर ठेवलेल्या आठ बॅटऱ्या

आमच्या घरातलं घड्याळ अर्ध्या तासाचा ठोका देत नाही. पूर्वी द्यायचं. आमची ही लग्न होऊन आली आणि पंधरा दिवसांत त्याने ती सवय सोडली.

तिच्या माहेरी अर्धवट काही चालतच नाही. सासरेबुवांची शिंक एकदा अर्ध्यावर अडली, तर ती त्यांनी तीन दिवस सांभाळली आणि चौथ्या दिवशी पुरी करूनच कामावर गेले. आमच्याकडे येणारा पोस्टमन कपात दोन घोट चहा तसाच ठेवायचा. त्याला ती सवय, आणि हिला ते बघवेना, ती कप पुन्हा भरायची. अकराव्या कपानंतर तो उठला, तो आजतागायत आमची पत्रं शेजारी टाकतो.

अशा घरात माझ्या भाचीने पुठ्ठ्याचे खण केलेला एक पत्र्याचा डबा आणला. आत आठ बॅटऱ्या, प्रत्येक आपापल्या खणात.

"मामा, या अर्ध्याच भरलेल्या ठेवायच्या," ती म्हणाली.

मी घाईघाईने स्वयंपाकघराचं दार लोटलं.

भाची उंच धुराड्यांची तपासणी करते. ड्रोन वर पाठवते आणि खाली उभी राहून पडद्यावर भेगा बघते. आता आठ महिने समुद्रातल्या पवनचक्क्यांवर काम होतं, तिथे ड्रोन कंपनीचा. तिचा स्वतःचा, चार्जरसकट, आमच्याकडेच राहणार होता. परत आल्याच्या दुसऱ्याच दिवशी सिमेंटच्या कारखान्याचं धुराडं बघायचं होतं, तिच्या स्वतःच्या नावावर मिळालेलं पहिलं काम. आठही बॅटऱ्या लागणार, आणि नव्या मागवल्या तर यायला दोन महिने.

"पूर्ण भरून ठेवल्या तर काय बिघडतं?" मी विचारलं.

"तू तुडुंब जेवून आठ महिने झोपशील का? आतून खराब होतात, फुगतातसुद्धा. आणि पार रिकाम्या झाल्या तर उठतच नाहीत."

"मग फ्रिजमध्ये ठेवू?"

"ओल धरतील. कोरडी, थंड जागा बघ, ऊन नको, शेगडी नको. टोकांना मी चिकटपट्टी लावलीय, तरी जवळ किल्ल्या-खिळे ठेवू नकोस. दर दोन महिन्यांनी बटण दाबून बघ. चारांपैकी दोन दिवे लागले पाहिजेत. एकच लागला तर दोन होईपर्यंत चार्ज कर, समोर बसून. आणि एखादी फुगलेली दिसली तर ती चार्ज करू नकोस, बाहेर मोकळ्यावर ठेव आणि मला कळव. जमेल ना?"

"अगं, मी तुला पाळण्यात सांभाळलंय."

"तेव्हा तूच आधी झोपायचास, आई सांगते."

जिन्याखालच्या कपाटात, गार फरशीलगत, मी डबा ठेवला. चौथ्या दिवशी बघतो तर आठही बॅटऱ्यांचे चारही दिवे लखलखीत.

"अहो, अर्ध्याच होत्या बिचाऱ्या," ही म्हणाली. "मला रात्रभर डोळ्याला डोळा नाही. भरल्या एकेक करून."

आता त्या उतरवायच्या कशा? मी ड्रोन दिवाणखान्यात सुरू केला आणि आठही बॅटऱ्या पाळीपाळीने त्याला जोडल्या. त्या वाऱ्याने दोरीवरचे कपडे तर वाळलेच, शेजाऱ्यांच्या भिंतीला नुकता दिलेला रंगही वाळला. ते अजून आभार मानतात. दोन-दोन दिव्यांवर आणून मी डबा बंद केला आणि डोकं चालवलं. प्रत्येक बॅटरीच्या वरच्या दोन दिव्यांवर काळी पट्टी चिकटवली. आता दिसणार दोनच दिवे, आणि दोन्ही लागलेले. म्हणजे पूर्ण.

हिने दाबून बघितलं, मान डोलावली आणि त्या रात्री घोरली.

दर दोन महिन्यांच्या तारखा मी कॅलेंडरवर लाल शाईने लिहिल्या. कॅलेंडर मागच्या वर्षाचं होतं, हे मात्र आठ महिन्यांनी भाचीचा फोन आला तेव्हा कळलं. "मामा, उतरले. तासाभरात येते. बॅटऱ्या मजेत ना?"

"एकदम," मी कॅलेंडरवरचं साल वाचत म्हणालो.

पट्ट्या चिकटवल्यानंतर मी त्या कपाटाकडे ढुंकूनही बघितलं नव्हतं. त्या मेल्या असतील तर पोरीचं पहिलंच काम दुसऱ्याच्या घशात जाणार होतं, आणि ते माझ्यामुळे. तिच्याआधी डबा उघडण्याचीही माझी छाती झाली नाही.

ती आली, बॅग दारातच टाकली आणि डब्यापाशी बसली. एकेक उचलून चारही बाजूंनी बघितली, टेबलावर ठेवून डुगडुगते का पाहिलं. फुगलेली एकही नव्हती. मग बटण दाबलं.

दोन दिवे. दुसरीचे दोन. आठवीपर्यंत सगळ्यांचे दोन.

"मामा, कमाल केलीस," ती म्हणाली. "वेळच्या वेळी बघत होतास तर."

तेवढ्यात ही चहा घेऊन आली.

"कोण, हे? यांनी चष्मा शोधायला म्हणूनसुद्धा ते कपाट उघडलं नाही. मीच फरशी पुसताना बटण दाबायची. मध्येमध्ये दोनातला एकच दिवा लागायचा. म्हणजे अर्धंच की. मग समोर भाजी निवडत बसायचं आणि दुसरा लागला की काढायचं."

भाचीने नखाने एक काळी पट्टी उचकटली. "मामी, हिच्याखाली आणखी दोन दिवे आहेत."

"ठाऊक आहे. पहिल्याच दिवशी उचकटून बघितलं होतं."

"मग तेही भरावेसे नाही वाटले?"

"झाकून ठेवलंय ते ज्याचं त्याला," ही म्हणाली. "मला दिसतंय तेवढं पूर्ण पाहिजे."

भाची हसता हसता फरशीवर आडवी झाली. मग बॅटऱ्या पूर्ण भरायला लावल्या आणि चहा घेतला. कपात थेंब ठेवला नाही, पोस्टमनची गोष्ट तिला माहीत आहे.

दुसऱ्या दिवशी धुराडं पायथ्यापासून टोकापर्यंत बघून झालं. ते इतकं उंच, की टोकाशी ड्रोनला उद्याची सकाळ दिसली. फोटो हवा असेल तर भाचीकडे मागा.

पुढच्या महिन्यात ती पुन्हा पवनचक्क्यांवर जातेय. काल तोच डबा घेऊन आली. मी हात पुढे केला, तर ती मला वळसा घालून सरळ स्वयंपाकघरात गेली. माझ्या हातात तिने एक कॅलेंडर ठेवलं. या वर्षीचं.