नवव्या मजल्याचे वजा चिन्ह

मंगळवारी सकाळी नऊ वाजून बारा मिनिटांनी जमीन अकरा सेकंद हलली. कोणी दगावले नाही. बस थांब्याचे एक छप्पर कोसळले, दोन दुकानांच्या काचा फुटल्या आणि एका बारा मजली इमारतीच्या नवव्या मजल्यावरील भिंतींना तिरक्या भेगा पडल्या. खालच्या आठ मजल्यांवर आणि वरच्या तीन मजल्यांवर ओरखडाही नव्हता. साडेदहापर्यंत इमारत रिकामी झाली. एकशे शहाऐंशी माणसे समोरच्या शाळेच्या सभागृहात गेली. इमारत निरीक्षकांनी फाटकाला कुलूप लावले आणि चावी खिशात टाकली.

दुपारी बारा वाजता एक अभियंता दोन पत्र्याच्या पेट्या घेऊन फाटकाशी आली. अकरा वर्षांपूर्वी, नोकरीच्या दुसऱ्या वर्षी, ही इमारत भूकंपात कशी हलेल याची आकडेमोड तिने केली होती. कार्यालय तेच होते, साहेबही तेच. नवव्या मजल्यावर तिची सख्खी मावशी राहत होती. घर घेण्याआधी मावशीने भाचीला विचारले होते, आणि भाचीने सांगितले होते, "डोळे झाकून घे."

मावशी फाटकाबाहेरच्या कट्ट्यावर बसली होती. टेलिफोन खात्यात तीस वर्षे काढल्यामुळे ती आजही समोरच्याला ऐकू येत नसावे अशा मोठ्या आवाजात बोलायची.

"चिमे, पेटीत काय आहे?"

"यंत्र आहे. इमारत किती हलते ते मोजतं."

"हलायची ती सकाळी हलली की. आता उगवलीस होय?"

"ती कायमच हलत असते, मावशी. वाऱ्यानं, ट्रकनं. आपल्याला कळत नाही इतकंच."

"घर घेताना नाही बोललीस ते."

निरीक्षक कुलूप उघडेपर्यंत वेळ होता. भाचीने हातातली मोजपट्टी उभी धरली आणि समजावून सांगितले. उंच इमारतीच्या हलण्याच्या ठरलेल्या तऱ्हा असतात, त्यांना मोड म्हणतात. पहिल्या मोडमध्ये सगळी इमारत एकाच बाजूला झुकते आणि परत येते. दुसऱ्यात खालचे अंग डावीकडे जाते तेव्हा वरचे उजवीकडे जाते. तिसरा, चौथा असे पुढे असतात. भूकंपात सगळे एकदमच चालू होतात.

"मोड कडधान्याला येतात," मावशी म्हणाली. "इमारतीला कधीपासून यायला लागले?"

"इमारतीला आले की त्यांना भेगा म्हणतात," शेजारून काका म्हणाले. ते मावशीचे यजमान. सकाळपासूनचे त्यांचे हे पहिलेच वाक्य होते.

यंत्रे नवव्या मजल्यावर लागली: एक मावशीच्या स्वयंपाकघराच्या फरशीवर आणि एक बरोबर त्याच्या वर, दहाव्या मजल्याच्या फरशीवर. मावशीचे छत म्हणजेच ती फरशी. आठव्या मजल्यापर्यंत ही इमारत रुंद होती. नवव्यापासून तिचे अंग निम्मे होत होते, वरच्या घरांना गच्ची मिळावी म्हणून. यंत्रे रात्रभर चालू राहिली.

बुधवारी सकाळी निरीक्षकांची नोटीस कार्यालयात आली. इमारत राहण्यास योग्य असल्यास तसे पत्र जुन्या आकडेमोडीसह दुपारी चारपर्यंत द्यावे, म्हणजे संध्याकाळी कुलूप काढता येईल.

"जुना तक्ता जोड, खाली सही कर," साहेब म्हणाले. "गिलाव्याच्या भेगा आहेत. त्यासाठी लोकांना किती दिवस शाळेत ठेवायचं?"

तिने जुना तक्ता उघडला. नवव्या मजल्याच्या ओळीत शेवटचा आकडा ८.२ मिलिमीटर होता. फार मोठ्या भूकंपात मावशीच्या घराचे छत त्याच घराच्या फरशीच्या मानाने एवढे सरकेल, असा त्याचा अर्थ. तीन मीटर उंचीच्या मजल्याला नियमाने बारा मिलिमीटर चालतात. म्हणजे काळजीचे कारण नव्हते. पण मंगळवारचा भूकंप मोठा नव्हता, आणि तरी भिंत कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत फाटली होती. आठ मिलिमीटरच्या आतबाहेर असे होत नाही.

अकरा वाजता तिने यंत्रांच्या नोंदी एकाखाली एक लावल्या. पहिल्या मोडच्या संथ लाटेत दोन्ही रेषा बरोबरीने वर-खाली जात होत्या. दुसऱ्या मोडच्या जलद लाटेत खालची रेषा वर गेली की वरची खाली येत होती. इमारतीचे अंग जिथे निम्मे होते, नेमक्या तिथे हालचालीची दिशा उलटत होती. जवळच्या, छोट्या भूकंपाचे धक्के जलद असतात. मंगळवारी त्यांनी दुसरा मोडच जागा केला होता.

तिने कागद घेतला आणि जुन्या फायलीतले मूळ आकडे लिहून काढले. मावशीची फरशी: पहिल्या मोडमध्ये ५२ मिलिमीटर, दुसऱ्यात वजा ७. मावशीचे छत: पहिल्यात ६०, दुसऱ्यात अधिक ९.

सगळे मोड एकाच क्षणी कमाल टोकाला पोचत नाहीत. म्हणून त्यांची सरळ बेरीज करत नाहीत. प्रत्येकाचा वर्ग करतात, वर्गांची बेरीज करतात आणि तिचे वर्गमूळ काढतात. तसे केले की फरशी ५२.५ येते आणि छत ६०.७. अकरा वर्षांपूर्वी तिने या दोन आकड्यांची वजाबाकी केली होती. उत्तर ८.२.

पण वर्ग केला की वजा चिन्ह नाहीसे होते. फरशी एकीकडे आणि छत दुसरीकडे जाते ही गोष्ट त्या चिन्हातच होती. वजाबाकी आधी करायची असते, प्रत्येक मोडची वेगळी. पहिल्यात ८. दुसऱ्यात ९ आणि ७ मिळून १६. मग त्यांचे वर्ग, बेरीज, वर्गमूळ. उत्तर १७.९. चालतात बारा.

तिने ते तीनदा करून पाहिले. तेव्हाच्या प्रोग्रॅममध्ये मजल्यांमधल्या सरकण्याचा तक्ता वेगळा मागावा लागायचा. तिने तो मागितला नव्हता; हाताशी होता त्या तक्त्यात एक रकाना वाढवला होता. रकाना सुबक होता. खाली 'तपासले' म्हणून साहेबांची सही होती.

एक वाजता ती साहेबांच्या खोलीत गेली. त्यांनी कागद वाचला, उलटून मागची कोरी बाजूही पाहिली.

"खांबांवर येणारं बळ कुठून घेतलं होतंस?"

"ते प्रोग्रॅमनंच प्रत्येक मोडचं वेगळं काढून दिलं होतं. ते बरोबर आहे."

"मग खांब मजबूत आहेत."

"मजबूत आहेत. पण वाकतात किती, ते आपण तपासलं नाही. म्हणजे तपासलं, पण चुकीचं."

"काल पडली का इमारत?"

"कालचा छोटा होता, साहेब."

"एकशे शहाऐंशी माणसं सतरंजीवर झोपलीत. त्यांना काय सांगणार? वजा चिन्ह हरवलं?"

"हो."

साहेब हसले, आणि मग हसायचे थांबले. "हे बघ. तू केलंस, मी तपासलं. चूक दोघांची. मी काही पळून जात नाही. नवीन आकडेमोडीला तुला किती दिवस लागतील?"

"तीन. खांबांच्या सांध्यांपाशी गिलावा काढूनही बघावं लागेल."

"घे तीन. पण पत्र आज जाऊ दे. दुरुस्ती मागाहून लावू. तीन दिवसांत काय आभाळ कोसळतंय?"

"आभाळाचं मला मोजता येत नाही," ती म्हणाली. साहेबांना हे आवडले नाही. तिलाही ते बोलून बरे वाटले नाही.

दोन वाजता ती सभागृहात गेली. मावशी बाकावर पाय लांब करून बसली होती. गुडघ्यांमुळे तिला सतरंजीवरून उठता येत नव्हते, म्हणून रात्रही तिने बाकावरच काढली होती. भाचीने शेजारी बसून पाच मिनिटांत सगळे सांगितले.

"म्हणजे तू चुकलीस," मावशी म्हणाली.

"हो."

"वजाबाकीत. शाळेत असल्यापासून तुझं तेच."

"वजाबाकी बरोबर होती. आधी करायची ती नंतर केली."

"आमच्या घरातच करायची होतीस?"

काकांनी वर्तमानपत्र खाली घेतले आणि पुन्हा वर धरले.

"डोळे झाकून घे म्हणाली होतीस," मावशी म्हणाली. आवाज आता टेलिफोन खात्याचा नव्हता. "मी झाकले. आता उघडून विचारते. पडेल?"

"बहुतेक नाही."

"बहुतेक?"

"आज याहून जास्त सांगितलं तर खोटं होईल."

"आणि तुझे साहेब काय म्हणतात?"

"ते म्हणतात, आज घरी जा."

मावशीने बाकावरून पाय खाली घेतले. त्याला बराच वेळ लागला. "मग एक काहीतरी ठरवा बाई तुम्ही. माझी पाठ मोडली इथे. आणि ते मोड तरी कळतात मला."

तीन वाजून चाळीस मिनिटांनी अभियंत्याने निरीक्षकांच्या टेबलावर पत्र ठेवले. इमारत राहण्यास योग्य आहे असे आज म्हणता येत नाही. जुन्या आकडेमोडीत चूक आहे. चूक माझी आहे. सोबत हाताने लिहिलेला कागद आणि यंत्रांच्या नोंदी.

निरीक्षकांनी पत्र वाचले आणि ड्रॉवरमधून दुसरे काढून शेजारी ठेवले. ते तीन वाजून पाच मिनिटांनी आले होते. कार्यालय तेच, इमारत तीच. जोडलेला तक्ताही तिचाच, ८.२ मिलिमीटरचा. खाली सही साहेबांची होती.

"मॅडम, यातलं मी कुठलं धरू?"

"साहेबांना फोन करा."

"केला. ते म्हणाले, मॅडम फार काटेकोर आहेत." त्यांनी दोन्ही पत्रांवर पोच दिली. "मी पदविकेला होतो तेव्हा मोडचा धडा परीक्षेला नव्हता. बाहेरच्या कोणाला तरी दाखवतो."

संध्याकाळी सहापर्यंतची स्थिती अशी आहे. निरीक्षकांनी दोन्ही तक्ते अभियांत्रिकी महाविद्यालयातील एका प्राध्यापकांकडे पाठवले आहेत. त्यांचे उत्तर आलेले नाही. साहेबांनी आपले पत्र मागे घेतलेले नाही. अभियंत्याला उद्या कार्यालयात दहाऐवजी नऊला बोलावले आहे, कारण कळवलेले नाही. फाटकाला कुलूप आहे. रहिवाशांच्या सेक्रेटरींनी 'आम्ही आमच्या जबाबदारीवर घरी जाऊ इच्छितो' असा अर्ज सभागृहात फिरवला असून त्यावर एकतीस घरांच्या सह्या झाल्या आहेत. नवव्या मजल्यावरच्या दोन घरांपैकी एकाची सही आहे. दुसऱ्या घरासमोर काकांनी सही केली आहे. मावशीच्या नावापुढची जागा कोरी आहे, आणि अर्ज अजून तिच्याच हातात आहे.