पानाखालचा बाप

"हाही गेला."

ओढ्यात गुडघाभर पाण्यात उभी राहून तिने एका बोटाने पान उचलून धरलं होतं. पानाच्या खालच्या अंगाला कालपर्यंत अंड्यांचा पुंजका चिकटलेला होता, पारदर्शक जेली आणि तिच्यात काळे ठिपके. आता जेलीच्या चिंध्या लोंबत होत्या आणि त्यांच्यावरून मुंग्यांची रांग ये-जा करत होती.

"माझ्या लेकींनी खाल्ला का?" मागच्या दगडावरून मुंगीदादाने विचारलं. संशोधन केंद्रातला तो दुसरा विद्यार्थी, तिच्यापेक्षा मोठा, मुंग्यांवर काम करणारा. केंद्रात माणसं आपापल्या प्राण्यांवरून ओळखली जात. त्यामुळे ती 'बेडकी' झाली होती.

"लेकींना घरी जेवायला घालत जा जरा."

"मोठं खानदान आहे गं माझं. पुरवठ्याला येत नाही."

ती हसली खरी, पण तोवर पुढच्या पानाकडे वळलीही होती. पुढचं पान हातभर अंतरावर, त्याच्या पुढचं त्याहून जवळ. पान उचलायचं, फोटो काढायचा, अंडी मोजायची, सोडायचं. पुन्हा पुढचं.

बेडूक अंगठ्याच्या नखाएवढा. मादी पाण्यावर झुकलेल्या पानाखाली अंडी घालते आणि निघून जाते. मागे राहतो तो नर. पुंजक्याला लागून बसून राहतो, जेली सुकायला लागली की पोट टेकवून ती ओली करतो, मुंगी आली तर लाथ मारतो. पिल्लं तयार झाली की जेलीतून सुटून सरळ खालच्या पाण्यात पडतात, आणि बापाचं काम संपतं. या बापामुळे किती अंडी वाचतात, एवढाच तिचा प्रश्न होता. डिग्री त्यावर होती. हे बेडूक फक्त पावसाळ्यात अंडी घालतात, म्हणजे हा हंगाम हुकला की वर्ष गेलं.

तिच्या गाईड बाईंनी एक दिवसाआड पानं बघायला सांगितली होती. ती दिवसातून दोनदा बघायची. नेमून दिलेलं काम आटोपलं की हातपाय रिकामे राहत, आणि रिकामे हातपाय तिला सोसत नसत. लहानपणापासून आई म्हणायची, हिच्या पायाला भिंगरी आहे. केंद्रात स्वयंपाक करणाऱ्या मावशी तेच वेगळ्या शब्दांत म्हणत.

"अगं, टेक की जरा! भात काय पळून चाललाय?"

"भात नाही मावशी, उजेड पळतोय."

"मग त्याच्या मागे तू. छान जोडी आहे."

फोनला रेंज फक्त पाण्याच्या टाकीच्या शिडीवर, वरून तिसऱ्या पायरीवर यायची. तिथे एका हाताने शिडी धरून तिने बाईंना त्या आठवड्याचे आकडे वाचून दाखवले.

"इतकी नासाडी? वा!" बाई म्हणाल्या आणि लगेच सावरल्या. "म्हणजे बेडकांच्या दृष्टीनं वाईटच गं. पण बाप राखणीला बसलेला असूनही अंडी इतकी नाहीशी होतायत, हे कुणी दाखवलेलं नाही. परिषदेला मी गोषवारा पाठवलाय. पाऊस संपला की लिहायलाच बस."

शिडीवरून उतरताना तिला आनंद व्हायला हवा होता. उतरल्यावर ती टाकीभोवती उगाच एक फेरी मारून आली. मग दुसरी.

त्याच दुपारी वर डोंगरात पाऊस कोसळला आणि ओढा फुगला. तिची पानं दोन्ही काठांवर होती. पलीकडे जायची सोय राहिली नाही. पाणी तांबडं, मधले दगड दिसेनात. पुढचे काही दिवस ती अलीकडच्याच काठावर फिरत राहिली, सकाळी, दुपारी, उन्हं कलताना, आणि तिथले पुंजके एकेक करून जात राहिले. उरलेल्या वेळात केंद्रातल्या सगळ्या काचेच्या बरण्या तिने धुतल्या, बुरशी आलेले बूट पुसले, मुंगीदादाच्या नळ्यांवरच्या चिठ्ठ्या नव्याने लिहून दिल्या. शेवटी मावशींच्या पातेल्यांना हात घातला तेव्हा त्यांनी ती ओढून घेतली.

"पुन्हा घासलीस तर भोकं पडतील त्यांना. जा, निजून तरी राहा."

"झोप येत नाही."

"झोप येत नाही म्हणून कुणी निजायचं थांबतं का?"

पाणी उतरल्यावर ती सकाळीच पलीकडे गेली. पहिल्या पानाकडे बोट नेलं आणि तसंच धरून ठेवलं. पानाच्या टोकाशी वळवळ होती. तिच्या डोळ्यांदेखत एक बेडूकमासा जेलीतून सुटला, क्षणभर लोंबला आणि टपकन पाण्यात पडला. मागोमाग दुसरा. पुढच्या पानाखाली बाप जागेवर होता. त्याच्या पुढच्याही. काही पानांखाली नुसती जेली होती, पण फाटलेली नव्हती. पिल्लं निघून गेल्यावर राहते तशी, सैल आणि स्वच्छ.

ती पाण्यातच उभी राहिली. झाडं तीच, सावली तीच, पाणी तर एकच. मुंग्या या काठावरही होत्या, तिच्या बुटापाशीच एक रांग चालली होती. दोन काठांत फरक एकच होता. एवढे दिवस अलीकडच्या काठावर ती रोज जात होती, इथे नाही.

असं नसेलही, हे तिने स्वतःला बऱ्याचदा सांगितलं. मग ओढा ओलांडून परत आली. एका पानाखाली पुंजका अजून शाबूत होता, बाप शेजारी. तिने रोजच्यासारखं पान उचललं, रोजच्यासारखा फोटो काढला, अंडी मोजली, पान सोडलं. पान उचलताक्षणी बापाने उडी मारून समोरचा दगड गाठला होता. तो उडी मारतो हे तिला माहीत होतं. सगळेच मारतात आणि परत येतात, असं तिने वाचलं होतं, वर्गात ऐकलं होतं. परत येताना मात्र तिने एकालाही पाहिलं नव्हतं, कारण तोवर ती पुढच्या पानाशी असायची, हातभर अंतरावर, आणि परतीची वाटही तीच.

या वेळी ती पुढे गेली नाही. पाण्यातल्या एका दगडावर बसली.

बसणं तिच्या अंगाला ठाऊकच नव्हतं. मानेवरून घाम उतरला, तो पुसावासा वाटला. कॅमेऱ्याची काच बघावीशी वाटली. बेडूक हलला. एक उडी, मग दुसरी, पानाच्या फांदीच्या अगदी खाली आला. तिचा पाय आखडला होता, तिने तो नकळत सरळ केला. बेडूक पुन्हा दगडावर, तिच्याकडे पाठ करून.

देठावरून एक मुंगी आली, पुंजक्याभोवती फिरून गेली. थोड्या वेळाने रांग आली.

बोटाने झटकल्या असत्या तर गेल्या असत्या. तिचा हात पुढे झालाही होता. मग तिने तो दुसऱ्या हाताने मांडीवर दाबून धरला. आजवर जे तिची पाठ वळल्यावर घडत आलं होतं, ते एकदा तरी समोर बसून बघणं भाग होतं. ती शेवटपर्यंत बसली. एक-दोनदा डोळे मिटले, पण उठली नाही.

जेवताना तिने मुंगीदादाला सांगितलं. त्याने घास हातातच ठेवला.

"म्हणजे तू बघायला गेलीस म्हणून खाल्ले गेले?"

"सारखी सारखी गेले म्हणून."

"बाईंना सांगणारेस?"

"हो."

"वेडी आहेस का? पद्धतीत लिही, पानं हाताळली म्हणून. सगळे हाताळतात. कुणी विचारणार नाही. आकडे खोटे थोडेच आहेत तुझे?"

"आकडे खरे आहेत. पण ते बेडकांचे नाहीत, दादा. माझे आहेत."

त्याने जरा विचार केला. "मग पलीकडचा काठ दाखव ना. तुलना म्हणून."

"पलीकडे इतक्या दिवसांत मी काही मोजलंच नाही. म्हणून तर जगले ते."

मुंगीदादाने तिच्या ताटात न विचारता भात वाढला.

बाईंनी सगळं ऐकून घेतलं. टाकीच्या शिडीवर वारा होता, तिने फोन कानाशी घट्ट धरला.

"एक दिवसाआड सांगितलं होतं मी."

"हो, बाई."

"मग?"

"मला बसवलं नाही."

"हे लिहिता येणार नाही कुठे," बाई म्हणाल्या. आवाजात राग होता आणि थकवा होता. "वर्ष जाईल तुझं."

"हो."

"आणि परिषदेला कळवावं लागेल. ते मी बघते, माझंही नाव आहे त्यावर." मग त्यांनी विचारलं, "जेवलीस का?"

आईला कळवणं त्या मानाने सोपं असेल असं तिला वाटलं होतं. आई घरी कपडे शिवायची. बोलताना मशीन सुरूच असायचं. तिने सांगितलं तेव्हा मशीन थांबलं.

"म्हणजे पुढच्या पावसाळ्यात पुन्हा तिकडेच?"

"हो."

"हेच बेडूक, की दुसरे?"

"हेच असतील तर बरं."

"ओळखतील का गं तुला?"

"न ओळखलेलं बरं, आई."

मशीन पुन्हा सुरू झालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती ओढ्यावर गेली ती मोकळ्या हातांनी. नेहमीची वाट सोडून खालच्या अंगाने गेली आणि पडलेल्या खोडाआड पाण्यालगत बसली. इतकं खाली बसलं की पानाच्या आतली बाजू हात न लावता दिसते, हे तिला इतके दिवस माहीत नव्हतं. फक्त पाण्यावरची तिरीप डोळ्यांवरून सरकेपर्यंत थांबावं लागतं.

तिरीप सरकली. कालच्या पानाखाली जेलीचा मागमूस नव्हता, ओलसर डाग तेवढा होता. बाप परत आला होता. पाय पोटाशी घेऊन तो त्या डागावर बसला होता. थोड्या वेळाने तो किंचित सरकला आणि त्याने रिकाम्या पानावर पोट टेकवलं, दाबून धरलं, मग पुन्हा सरकून दुसऱ्या जागी टेकवलं.

एक जळू तिच्या बुटावरून चढत होती. मोज्याची कड ओलांडून तिने घोट्याच्या वर जागा शोधली आणि तिथे चिकटली. ती जळूकडे बघत राहिली. पाय तिने हलवला नाही.