आटवलेलं पाणी

चाळीस वर्षं मी सुईणपण केलं. कुणब्याच्या घरचं, माळ्याच्या घरचं, आमच्या बौद्ध वस्तीतलं, गावातलं सारं लेकरू पहिल्यांदा माझ्या हातात आलं. पाटलीण एरवी मले ओसरीच्या खाली बसवे, अन कळा सुरू झाल्या का तिच्याच खाटेवर घेऊन बसे. मले त्याचा राग नाई. राग कायचा हाये ते आज सांगते, कारण कारखान्यातले साहेब लोक म्हणून राह्यले का केसरबाई बुढी झाली, तिचं डोकं फिरलं. माझं डोकं फिरलं हे खरं हाये. कोणी फिरवलं ते बी ऐका.

आमचं गाव मलकापुरापासून तीन कोस. माझ्या सासूनं मले सुईणपण शिकवलं तवा एकच गोष्ट शंभरदा बजावली, का पोटुशीले अन बाळंतिणीले कच्चं पाणी द्याचं नाई. सातवा लागला का पाणी चुलीवर ठेवाचं, अर्धं होईस्तोर आटवाचं. बाळंत झाली का पाव होईस्तोर. लेकराले बी तेच, कापसाच्या बोळ्यानं. म्या साऱ्या गावाले हेच सांगतलं. माझ्या हातचं पाणी पीत नव्हत्या अशा घरच्या बाया बी माझ्या सांगण्यावरून पाणी आटवत होत्या. एखादीनं आळस केला तर मी तिच्या दारात उभी राहून तिची अशी खरडपट्टी काढे का सात घरं ऐकत.

बहात्तरच्या दुष्काळात गावची विहीर कोरडी पडली. त्याच साली नाल्याच्या वरतं ताडपत्रीचा कारखाना आला. रेल्वेच्या वाघिणीवर टाकतात ना, कापसाच्या गाठीवर टाकतात, ते कापड. बाहेर देशातून पिंपं येत. त्यातलं औषध कापडाले लावलं का त्याच्यावर पाणी थांबत नाई, तेल थांबत नाई, काईच चिकटत नाई. पिंपं धुतलेलं पाणी नाल्यात सोडत. नाल्यावर गुडघाभर फेस राहे. पोट्टे त्यात खेळत, बाया म्हणत, चला, साबण वाचला.

अन त्या नाल्याच्या काठी कारखान्यानं गावाले विहीर खणून देल्ली. मॅनेजर साहेबानं नारळ फोडला अन म्हनला, ही विहीर साऱ्याईची, जातपात कोणी आणायची नाही. खोटं कायले बोलू, त्या दिवशी मी रडली. जुन्या विहिरीवर आमची घागर कठड्याले लागली तरी बोंब होत होती. ह्या विहिरीवर मी सुभद्राबाईच्या बाजूले उभी राहून पाणी शेंदलं. सुभद्राबाई म्हणजे कुणब्याची सून, मनानं चांगली. त्या माणसाले म्या हात जोडले, हे आठवलं का आज माझेच हात तोडून टाकावं वाटते.

दोन सालात लेकरं बिघडाले लागले. जन्मतानाच लहान. एवढीशी मूठ. डोळे पिवळे, अंगाले मांस धरत नाई, दूध ओढत नाई. कोणाचं पोट सहाव्यात सांडे. पाच घरचे पाळणे रिकामे झाले. नाल्यावर पाणी पिणाऱ्या म्हशीची हाडं दिसाले लागली. सरकारी दवाखान्यातला डॉक्टर आला, दोन मिनिटं थांबला अन भिंतीवर गेरूनं लिहून गेला, पाणी उकळून प्या. मले तर छाती फुगल्यासारखं झालं. पाहा, म्हनलं, सरकार बी माझंच म्हणून राह्यलं. मी आणखी जोरात दारोदार फिरली. आटवा, नीट आटवा.

माझी एकच लेक, कोकिळा. मेहकरले देल्ली, जावई इंद्रभान शाळेत शिपाई हाये. तिचं पहिलं पोट सांडलं होतं. दुसऱ्या वेळी सातवा लागला तशी मी तिले माहेरी घेऊन आली. लेकीचं बाळंतपण मायनं कराचं, अन माय सुईण असल्यावर मंग इचारताच काय. रोज सकाळी विहिरीचं पाणी चुलीवर ठेवे अन समोर बसून राहे. अर्धं झालं का गाळून तिले पाजे. ती म्हणे, माय, कडवट लागते. मी म्हणे, गपचीप पे. महिनाभर पाजलं.

मंग मॅनेजर साहेबाच्या बंगल्यावरून बोलावणं आलं. साहेबाची लेक मलकापूरच्या दवाखान्यात बाळंत होऊन बापाकडं आली होती. तिले मालिश कराची, शेक द्याचा, लेकराले न्हाऊ घालाचं. गेली. लेकरू कसं गुबगुबीत, माझ्या मांडीवर मावेना. लय दिवसात असं लेकरू पाह्यलं नव्हतं, माझे डोळे भरून आले. अंघोळ झाली अन म्या आपल्या रिवाजानं साहेबाच्या बायकोले इचारलं, बाईसाहेब, लेकीले पाणी आटवून देता ना? बाईसाहेब म्हणे, आम्हाला नाही बाई ते जमत. म्हनलं, मी कायले हाये? मागच्या दारानं गेली, विहिरीवरून घागर आणली, अंगणातल्या चुलीवर भगुणं ठेवलं. तठी कोपऱ्यात पाण्याचे मोठमोठे डबे मांडलेले होते. कारखाना आला तवापासून टँकर रोज मलकापुरावरून येऊन ते भरून जाये. मी समजली, मोठ्या लोकाईचे नखरे हायेत.

पाणी अर्धं झालं. म्या फडक्यानं गाळलं, पेल्यात भरलं अन पोरीच्या हातात देल्लं. तेवढ्यात साहेब आला. बनियनवरच होता, तोंडाले साबण लागलेला. त्यानं चुलीजवळची घागर पाह्यली, मले इचारलं, "पाणी कुठलं हे?"

"विहिरीचं, साहेब. आपल्याच."

त्यानं पोरीच्या हातावर अशी चापट मारली का पेला भिंतीवर जाऊन आदळला. मंग भगुण्याले लाथ मारली. ऊन पाणी माझ्या पायावर उडालं, फोड आले, ते पाहा, डाग अजून हाये.

"अग बाई, अक्कल आहे का तुला?" तो ओरडला. "उकळून काय होणार? पाण्याची वाफ होते. ते औषध उडत नाही, जळत नाही, सडत नाही. ते खालीच राहतं. तू ते दुप्पट घट्ट करून माझ्या मुलीला पाजत होतीस."

एवढं बोलला अन त्यानं बायकोकडं पाह्यलं. त्याले समजलं का तोंडातून काय गेलं. बाईसाहेब खाली पाहाले लागल्या. म्हणजे त्याईले बी ठाऊक होतं.

म्या गुऱ्हाळावर मजुरी केली हाये. रस आटवला का गोडी कुठी जाते? कढईतच राह्यते, घट्ट होते, त्याचा गूळ होते. हे मले लहानपणापासून ठाऊक. अन चाळीस वर्षं पाणी आटवणाऱ्या बाईले हे एकदा बी सुचलं नाई. म्या इचारलं, "साहेब, अंगात गेलं तर निघते का?"

तो म्हनला, "वर्षानुवर्षं निघत नाही." मंग माझ्याजवळ येऊन हळू आवाजात बोलला, "केसरबाई, तुमची मुलगी आली आहे ना? तिच्यासाठी रोज दोन डबे टँकरचं पाणी घरी पाठवतो. बाया तुमचं ऐकतात. त्यांना म्हणा, पाणी चांगलं आहे. उगाच गावात घबराट नको."

लोकहो, मी बी माय हाये. एक क्षण मी थांबली. खोटं नाई सांगत, थांबली. डोळ्यापुढं कोकिळाचं पोट आलं. मंग त्या कोपऱ्यातले डबे पाह्यले अन माझ्या अंगाची आग झाली. ह्यानं नारळ फोडला त्या दिवशी बी ह्याच्या घरी हे डबे होते. पाच पाळणे रिकामे झाले तवा बी होते. म्या म्हनलं, "तुझ्या पाण्यात तुझं थोबाड पाह्य, मेल्या." अन भाजल्या पायानं घरी आली.

घरी कोकिळा अंगणात तांदूळ निवडत होती. चुलीवर तिचं पाणी होतं. म्या ते उकिरड्यावर ओतलं अन तिले म्हनलं, "ऊठ. लुगडे बांध. तुले मेहकरले सोडते."

"काऊन? आठव्यात? माय, लोक काय म्हणतील? सासू काय म्हणंल?"

म्या सारं सांगतलं. तिनं पोटावर हात ठेवला.

"महिनाभर पेली मी," ती म्हनली.

"हाव."

"कडवट लागते म्हनलं तरी तू पाजलं."

"हाव, म्या पाजलं."

तिनं लुगडे बांधले. एसटीत बुलढाणा येईस्तोर खिडकीबाहेर पाहत बसली. मेहकरले तिची सासू जनकाबाई दारातच म्हनली, "गावाच्या बाया उतरवते अन पोटच्या लेकीचं जड झालं काय?" मी खाली मान घालून ऐकलं. तिच्या रांजणातलं पाणी कोकिळा तीन पेले पेली, तेवढं पाह्यलं अन परतली. निघताना कोकिळानं माझा पदर धरला अन इचारलं, "लेकरू वाचंल ना माय?" मी सुईण. ह्या सवालाले माझ्याकडं कायम एकच जवाब राहे, वाचते, घाबरू नको. त्या दिवशी म्या एवढंच म्हनलं, इथलंच पाणी पे.

दुसऱ्या दिवशी गावात दारोदार गेली. चाळीस वर्षं ज्या दारात उभी राहून शिव्या देल्ल्या, त्याच दारात म्हनलं, बायाहो, चूक माझी हाये, पाणी आटवू नका, ते पाणीच पिऊ नका. कोणी रडल्या. पाटलीणनं दार लावून घेतलं. एकीनं अंगावर शेणपाणी फेकलं. म्या पुसलं बी नाई.

शेवटी सुभद्राबाईच्या घरी गेली. तिचे दोन लेकरं गेले होते. ती चुलीसमोर बसली होती, पोट पुढं आलेलं, सातवा लागला असंल. चुलीवर भगुणं होतं. म्या सांगतलं ते तिनं ऐकून घेतलं अन शांतपणानं म्हनली, "मावशी, पहिल्या वेळी म्या अर्धं केलं होतं. लेकरू गेलं. तुम्ही म्हनलं, तू नीट आटवलं नाई. म्हणून दुसऱ्या वेळी सुरुवातीपासून पाव केलं. लाकूड पुरे ना, तर गोवऱ्या मागून आणल्या, पण पाव केलं."

म्या तिच्या चुलीतली लाकडं बाहेर ओढली.

"हे तिसरं हाये," ती म्हनली. "आता काय पिऊ?"

"माहेरी जाय बाई. आजच जाय."

"माझं माहेर चार घरं सोडून हाये. त्याच विहिरीवर."

म्या तिची घागर उचलली. ह्या घरची घागर म्या जन्मात कधी शिवली नव्हती. तिनं पाह्यलं अन चुंबळ पुढं केली. मी सरळ बंगल्याच्या रस्त्यावर गेली अन जिथून टँकर वळते तठी, मधोमध, घागर ठेवून बसली. थोड्या वेळानं सुभद्राबाई आली. एवढं पोट घेऊन, कमरेले हात लावून, माझ्या बाजूले बसली. तिच्या मागून आणखी दोघी आल्या, मंग तिघी, साऱ्याईच्या कमरेवर रिकाम्या घागरी. टँकर आला. ड्रायव्हरनं भोंगा वाजवला, मंग उतरून आला अन म्हनला, बायाहो, बाजूले व्हा, साहेबाच्या नातवाचं पाणी हाये.

सुभद्राबाई बसल्या जागेवरून म्हनली, "मंग साहेबाले सांग, आमच्या लेकराईचं भरून झाल्यावर त्याचं."

आमी कोणी उठलो नाई.